खाडीतून परत आलेली हार्ड डिस्क

पेणला आमचा फोटो स्टुडिओ आहे. ‘डिलीट झालेले फोटो परत काढून मिळतील’ अशी पाटीच बाहेर लावलीय, तेव्हा नुसतं पुसून काही जात नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक.

रोह्याच्या एका मुलीचा साखरपुडा आम्हीच शूट केलेला. तो मोडला, अल्बम कुणी नेलाच नाही. नंतर तो मुलगा फोटोंच्या कॉपी मागायला लागला. मी हाकललं मेल्याला! आता पोरीचं लग्न दुसरीकडे ठरलं, तेव्हा ती धावत आली. “गो मावशी, नुसते पुसू नको, डिस्कच फोडून टाक. त्याच्या हाती लागले तर काय करंल नेम नाय.”

बाकी गिऱ्हाइकांचे फोटो मी नव्या डिस्कवर घेतले. राहिलं फोडणं. पण आमचे हे! दर दसऱ्याला त्या डिस्कला हळदकुंकू वाहिलेलं. “पूजेच्या वस्तूवर हातोडा? माझ्याच्यानं नाय व्हायचं.” गेले धरमतरच्या खाडीवर, लाल फडक्यात बांधून, वर झेंडूचं फूल ठेवून केलं तिचं विसर्जन. आणि ऐटीत सांगतात, “काम फत्ते!” कपाळ माझं!

आठवडाही झाला नसेल, एक कोळीदादा हसत दारात उभा. “जाल्यात गावली. वर तुमचा नंबर हाय, म्हटलं कामाची वस्तू, नेऊन देऊ.” आमचंच स्टिकर! हसून हसून माझं पोट दुखलं. त्याला चहा पाजला.

“खारं पाणी प्यायलीय, मेलीच असंल,” हे पुटपुटले.

“वरचं सर्किट मेलं असेल. फोटो आतल्या तबकड्यांवर असतात!” मी करवादले आणि पोरीला फोन लावला.

धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सुटल्यावर ती थेट आली. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून मी ड्रिल मशीन आणून ठेवलं होतं. ह्यांनी डिस्कला नमस्कार केला आणि तोंड फिरवलं. मी बटण दाबणार, तोच ती म्हणाली, “दे गो मला.”

डोळ्यांना गॉगल लावून तिने आरपार भोक पाडलं. मग दुसरं, तिसरं. चंदेरी कीस उडत होता.

“अगो, पुरे! चाळण झाली तिची,” हे ओरडले.

तिने गॉगल काढला. रडत होती आणि हसतही होती. साखरपुडा मोडल्यापासून ती कुणाला फोटोसाठी समोर मोबाइलसुद्धा धरू देत नव्हती, हे तिने तेव्हा सांगितलं. मला इतकं भरून आलं!

“मावशी, लग्नाचे फोटो तूच काढायचे,” ती म्हणाली. आणि केसांत कीस अडकलेला असतानाच, तिथल्या तिथे, माझ्यासमोर फोटोला उभी राहिली.