ताईचा थंड हवेचा डबा

आमच्या ताईला सगळी गल्ली हवाबाई म्हणते. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र एकटी मीच करते, कारण मी तिची धाकटी बहीण आणि आमच्या दोन शेडमध्ये फक्त एक पत्रा आडवा आहे. पत्र्याच्या अलीकडे मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. पलीकडे ती पिकअप गाड्यांना 'मोकळा श्वास' देते. हे तिचेच शब्द, शटरवर पिवळ्या रंगात रंगवलेले. मला विचारलं असतं तर मी जरा कमी फुशारकीचे सुचवले असते.

काम सांगायला सोपं आहे. कंपनीचा हवेचा फिल्टर बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाच्या कुशीत बसवलेला असतो. माल भरून चढ चढताना इंजिनाला हवी असते गार हवा, आणि मिळते ही भट्टीतली. ताई तो फिल्टर काढून टाकते. त्या जागी रुंद पाइप, पाइपच्या तोंडावर सुती जाळीचा निमुळता फिल्टर, आणि इंजिनाची धग लागू नये म्हणून फिल्टरभोवती पत्र्याचा डबा. डब्याला पुढून, वरच्या अंगाला एक तोंड ठेवलेलं असतं, तिथून बाहेरची हवा आत येते. हा डबा ती स्वतः कापते, स्वतः वाकवते, आणि सांधे असे पक्के जोडते की त्यात खुशाल पाणी भरून ठेवावं. सुती फिल्टर फेकायचा नसतो. तो धुवायचा, सावलीत वाळू द्यायचा आणि धूळ चिकटावी म्हणून त्यावर तेलाचा नुसता हात फिरवायचा, केसांना लावतो त्याहूनही कमी. लोक हमखास जास्त थापतात, म्हणून हे तेल लावायचं काम ताई कुणाच्या बापाला करू देत नाही.

आणि इथे प्रश्न आमच्याच बापाचा होता.

आप्पा जन्मभर ट्रकचे मेकॅनिक. आम्हा दोघींना पाना धरायला त्यांनीच शिकवलं; मी सुईकडे वळले तेव्हा महिनाभर बोलले नव्हते माझ्याशी. अलीकडे मात्र त्यांच्या डोक्यातलं आजचं पान कोरं राहायला लागलं होतं. जुनं सगळं लख्ख आठवायचं, अगदी कुठल्या ट्रकचा कुठला नट उलट्या आट्यांचा होता तेसुद्धा. पण सकाळचा चहा प्यायला की नाही, हे मला विचारायचे. मागे एकदा त्यांनी एका टेम्पोचं चाक चढवलं आणि नट आवळायचे विसरले. गल्लीच्या तोंडाशीच चाक डगमगलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ताईचा हुकूम होता: आप्पांनी यायचं, खुर्चीत बसायचं, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, पण हत्याराला हात लावायचा नाही.

मला हे पटत नव्हतं. माझ्या नाकावर राग असतोच, त्यात हा विषय निघाला की मी ताईला फाडून खायची.

"हात बांधून बसवलंस त्यांना," मी म्हणायची. "अशाने माणूस सुकून जाईल."

"आणि त्यांच्या हातून काही झालं तर निस्तरणार कोण? तू?" ती म्हणायची. "आणखी एक चूक, की मी त्यांना घरी बसवणार. आत्ताच सांगून ठेवते."

"घरी बसव आणि बघ. चार दिवसांत अंथरूण धरतील."

आप्पा हे सगळं ऐकायचे आणि पेपर उलटा-सुलटा करायचे.

एके दिवशी एक बर्फवाला आला तो घाईतच. पिकअपच्या मागे बर्फाच्या लाद्या, वर तागाची पोती, खालून पाण्याची धार. त्याच्या गाडीला ताईचाच पाइप होता. फिल्टर मातीने बुजला होता आणि गाडी चढावर दम टाकत होती. ताईने फिल्टर धुतला आणि वाळत टाकला. तो वाळेपर्यंत मी गाडीचं फाटलेलं सीट कव्हर बदलून द्यावं असं ठरलं. मी हत्यारं घेऊन केबिनमध्ये शिरले आणि सीटच्या मागे गुडघ्यांवर बसून टाके घालायला लागले.

तेवढ्यात ताईला समोरच्या पाइप वाकवणाऱ्याने हाक मारली. जाताना ती आप्पांना म्हणाली, "मी आलेच. गाडीला कुणाला हात लावू देऊ नका." म्हणजे त्यांनी नुसतं लक्ष ठेवावं, एवढंच तिला सांगायचं होतं. आप्पांना वाटलं, गाडी आपल्या ताब्यात दिली.

पुढचं मला नंतर कळलं. बर्फवाला येरझाऱ्या घालत होता. "आजोबा, निम्मा बर्फ गटारात चाललाय," असं तो दोनतीनदा म्हणाला. आप्पांना ते बघवेना. ते उठले, फिल्टर चाचपला, वाळला होता. बॉनेटखाली वाकून त्यांनी ताईचा डबा पाहिला आणि त्यांच्या डोक्यातलं जुनं पान उघडलं. पूर्वीच्या ट्रकना तेलाच्या वाटीचा फिल्टर असायचा. खाली वाटीत रेघेपर्यंत तेल भरायचं, जाळी तेलात बुचकळून वर बसवायची, हवा तेलावरून जाताना धूळ तिथेच सोडायची. आप्पांनी अशा वाट्या आयुष्यभर भरल्या होत्या. ताईच्या डब्याला आतून पत्रा दुमडल्याची एक रेघ होती. आप्पांनी फिल्टर इंजिन ऑइलमध्ये बुचकळला, पाइपवर चढवला, त्याची पट्टी स्क्रूने चांगली आवळली, डब्यात रेघेपर्यंत ऑइल ओतलं आणि बर्फवाल्याला म्हणाले, "हं, लाव चावी."

इंजिन सुरू झालं. बर्फवाल्याने खूश होऊन एकदा ॲक्सिलरेटर दाबला आणि पाय काढून घेतला.

आवाज उतरला नाही. तो चढतच गेला. गाडी माझ्या गुडघ्यांखाली थरथरायला लागली, खिडक्यांच्या काचा खडखडल्या. बर्फवाल्याने चावी फिरवली, मग चावी काढूनच घेतली. इंजिनाला त्याचं काही नव्हतं. माणूस मदतीसाठी ओरडतो तसा एकसुरी, किंचाळता आवाज येत होता आणि मागून निळा-पांढरा धूर असा सुटला की गल्ली दिसेना. बर्फवाला दार उघडून पळाला. मी सीटवरून धडपडत बाहेर पडले, भोकं पाडताना कापडाखाली ठेवायचा लाकडी ठोकळा हातात तसाच होता.

कोणीतरी ओरडलं, "गिअर टाका, बंद पडेल." पण गाडीच्या नाकासमोर शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या गॅसच्या टाक्या उभ्या होत्या. गाडीने एक उडी मारली असती तर गल्लीच राहिली नसती. वेल्डिंगवाला टाक्यांकडे धावला खरा, पण त्या साखळीने बांधलेल्या होत्या आणि त्याची बोटं कुलपावर नुसती घसरत होती.

आणि आप्पा बॉनेटखाली होते. कमरेपर्यंत वाकलेले. त्यांनी डिझेलची नळी उपटून काढली होती आणि इंजिन तरीही पळत होतं, याचं त्यांना काही कोडं उलगडत नव्हतं.

"आप्पा, या बाहेर," मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी त्यांचा सदरा धरून ओढलं. म्हातारा जागचा हलेना.

समोरून ताई धावत आली. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, आमची आई गेली तेव्हासुद्धा नाही. तिने डब्यात एकदा पाहिलं आणि तिला सगळं कळलं. डिझेलचं इंजिन ऑइलवरही चालतं. एकदा का ते श्वासाबरोबर पोटात जाऊ लागलं, की चावी नाही, नळी नाही, ते कुणालाच जुमानत नाही. ऑइल संपेपर्यंत पळतं, नाहीतर त्याआधी फुटतं आणि लोखंडाचे तुकडे समोरच्याच्या अंगात घुसतात. समोर आप्पा होते. आता एकच उपाय होता, इंजिनाचा श्वास कोंडायचा.

फिल्टरची पट्टी आप्पांच्या बाजूला होती. ताईचा हात तिथवर पोचेना आणि आप्पा सरकेनात. तिने त्यांच्या कानाला तोंड लावलं.

"आप्पा, पट्टी सोडवा. फिल्टर काढा."

"नळी काढली की बंद पडतंच," ते म्हणाले असावेत. मला ओठच दिसले.

"आप्पा, ऐका माझं. फिल्टर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काय ओळखलं कोण जाणे. पण त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, त्या थरथराटात तो खाचेत बरोबर बसवला आणि फिरवायला लागले. घाई नाही, घसरणं नाही. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हा माणूस चहाची बशी पुसावी तसं काम करत होता. पट्टी सैल झाली. त्यांनी तेलाने निथळणारा फिल्टर खेचून बाहेर फेकला. पाइपचं उघडं तोंड भसाभसा हवा ओढत होतं आणि आत साचलेल्या ऑइलवर इंजिन अजून किंचाळतच होतं. आप्पांनी आपला तळहात पाइपकडे नेला.

ताईने त्यांचं मनगट मागच्या मागे झटकलं. माझ्याकडे न बघताच तिने दुसरा हात पसरला आणि मी त्यात लाकडी ठोकळा ठेवला. तिने तो पाइपच्या तोंडावर दाबला, दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. ठोकळा ओढून घेतल्यासारखा चिकटला. गाडी एकदा जोरात हादरली, मग दुसऱ्यांदा, आणि इंजिन मेलं.

गल्लीत बर्फाचं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

पहिला बोलला तो बर्फवाला, आणि त्याला बोलायचा हक्कच होता. ताईने त्याचं सगळं मुकाट ऐकून घेतलं. चूक माझ्या दुकानाची, इंजिन मी उघडून बघते, जे बिघडलं असेल ते मी करून देते, एवढंच म्हणाली. वेल्डिंगवाल्याने आपल्या टेम्पोत बर्फ भरून घेतला आणि दोघं निघून गेले.

आप्पा मातीत पडलेल्या फिल्टरकडे बघत होते. "रेघेपर्यंतच भरलं होतं मी," ते म्हणाले. "वर एक थेंब नाही."

"ती वाटी नव्हती, आप्पा," ताई म्हणाली.

"मग?"

तिचे हात कोपरांपर्यंत काळे झाले होते. तिने ते चिंधीला पुसले. मग आप्पांच्या समोर जमिनीवरच बसली.

"तुम्ही त्याच्या तोंडाशी उभे होतात," ती म्हणाली. "फुटलं असतं तर मी काय गोळा केलं असतं? उद्यापासून यायचं नाही, आप्पा."

मला तिचा राग यायला हवा होता. इतके दिवस ज्या वाक्यावरून मी भांडले, तेच ती बोलली होती आणि माझी उत्तरं ठरलेली होती. पण मला अजून त्या बॉनेटखाली वाकलेली पाठच दिसत होती आणि मुठीतून सुटत जाणारा सदरा.

"बरं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यांच्या बाजूने बोलणारी नेहमी मीच.

"मग सकाळी उठून मी जाऊ कुठे गं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून मातीतला फिल्टर उचलला आणि ताईच्या हातात दिला.