मायच्या लुगड्याच्या पिशव्या

आमच्या वार्डात ती मोहीम आली तेव्हा मी महिला संघाची पुढारीण होते, आणि पुढारपण अंगात यायला मला तसाही वेळ लागत नाही. मुन्सिपाल्टीच्या मॅडमनी सांगितलं, प्लास्टिकची पिशवी बंद करायची, घरोघरचे जुने कपडे गोळा करायचे, संघाच्या बायांनी त्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि वार्डात वाटायच्या. मला ते एकदम पटलं. मी दारोदार फिरले. तेलुगूत, मराठीत, दुकानदारांशी हिंदीत, जिथे जी चालेल त्या भाषेत घसा बसेपर्यंत बोलले. माना सगळ्यांनी हलवल्या.

ठरलेल्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर मोठा खोका ठेवला, फ्लेक्स बांधला, कचऱ्याच्या ऑटोवरचं गाणं मोठ्यानं लावलं. मॅडमनी शपथ दिली, सगळ्यांनी हात पुढे करून म्हटली, आणि खोका रिकामाच. एक चिंधी पडेना. कारण मला ठाऊक होतं, मॅडमना कोणी सांगत नव्हतं. आमच्या आदिलाबादेत जुनी साडी म्हणजे कचरा नव्हेच. दारावर भांडेवाली येते, चार-पाच साड्या उलटूनपालटून पाहते आणि स्टीलचा डबा देते. तासभर घासाघीस करून मिळवलेल्या त्या डब्याचा तोरा काही औरच असतो. तो सोडून फुकटच्या पिशवीसाठी साडी कोण टाकणार? मागून एकजण बोललीसुद्धा, की आधी पुढारणीनं टाकावं, मग आमी पाहू.

झालं, माझं डोकं फिरलं. तरातरा घरी गेले, कपाट उघडलं, तर टाकण्यासारखं काहीच नाही. माझ्या जुन्या साड्या मीच महिन्याभरापूर्वी भांडेवालीला दिल्या होत्या, कढईसाठी. अशी मी पुढारीण. हाताला लागलं ते मायचं लुगडं.

हिरव्या चौकड्यांचं, लाल काठाचं, सुती, नऊवारी. आमच्यात माणूस गेलं की त्याचे नेसते कपडे घरात ठेवत नाहीत. हे एकच मी चोरून ठेवलं होतं, नवऱ्यालाही न सांगता. माय गेल्यापासून दोन वर्षं ते माझ्या साड्यांच्या खाली होतं. घरात कोणी नसलं की कपाट उघडून त्यावर नुसता हात फिरवायचे. त्या दिवशी रागाच्या भरात तेच उचललं आणि सगळ्यांदेखत खोक्यात टाकलं. कोणाचं, ते बोलले नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. आणि खरंच, मग बाया लाजेकाजेस्तव एकेक करून घरी गेल्या अन् काहीबाही घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत खोका भरला. लोकांना पटवायचं कसं, हे मला कोणी विचारलं तर मी सांगेन की भाषणानं काही होत नाही, आपण आधी आपल्या जिवाचं काहीतरी द्यावं लागतं. सांगायला हे सोपं आहे. त्या रात्री मी दोनदा कपाट उघडून ती रिकामी जागा चाचपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संघाच्या खोलीवर गेले. म्हटलं, गुपचूप बदलून घ्यावं, त्याच्या जागी एखादी धड साडी ठेवावी. पण आमच्या शिवणाऱ्या बाईनं कातर चालवली होती. चांगलं सुती कापड दिसलं म्हणून पहिलं तेच घेतलं, म्हणाली. बारा पिशव्या निघाल्या. मी काय बोलणार? छान झाल्या म्हटलं.

मग काय, गल्लीभर माय दिसायला लागली. कोणाच्या हातात कांदे घेऊन, कोणाच्या सायकलला लटकून. हिरवी चौकडी दिसली की वाट वाकडी करून मी त्या पिशवीच्या मागे मागे चालायचे. सरळच सांगते, मला माझी माय पाहिजे होती. पन्नाशी उलटली, पोरांची लग्नं झाली, तरी मला ती पाहिजे होती.

एक दिवस शेजारीण पिशवी घेऊन दारात आली. माय वर्षानुवर्षं जवळच्या मावला गावाहून भाजीची पाटी घेऊन आमच्याच गल्लीतून बाजाराला जायची, तेव्हा ते लुगडं ओळखू येणं काही अवघड नव्हतं. गेलेल्या बाईचं नेसतं लुगडं, अन् आपण त्यातून देवाचे नारळ आणले, याचा शेजारणीनं धसका घेतला होता. राग नको मानू म्हणाली, आणि पिशवी ओट्यावर ठेवून गेली.

आता पुढारीण म्हणून माझं काम काय होतं? तिला बसवायचं, चहा द्यायचा, समजावून सांगायचं की कापडाला सुतक नसतं. मी तिला तशीच जाऊ दिलं. दार लावलं आणि ती पिशवी तोंडावर धरून रडले. आणि पुढचं सांगायला लाज वाटते, पण बातमी मी पसरू दिली. ते लुगडं तुह्या मायचं होतं म्हणे, असं कोणी विचारलं की मी मान खाली घालून उभी राहायचे, बस. पंधरा दिवसांत दहा पिशव्या माझ्या घरी आल्या. बाकीच्या पिशव्याही कोण्या गेलेल्याच्या कपड्याच्या असतील, या धास्तीनं बाया पुन्हा प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बाजाराला जायला लागल्या. मोहिमेची माती झाली होती आणि मी आतून खुश होते.

अकरावी कोणाची तरी लेक भैंशाला सासरी घेऊन गेली, तिचा नाद सोडला. राहिली एक, पदराची. मला तर तीच सगळ्यात जास्त पाहिजे होती, कारण पदरानं माय स्वतःचं तोंड पुसायची आणि माझंही.

ती पिशवी बाजारात मिरच्या-कोथिंबीर विकणाऱ्या एका म्हातारीकडे होती. राहायची आमच्याच वार्डात, म्हणून तिला मिळालेली. मी चेनची नवीकोरी पिशवी घेऊन तिच्यापाशी गेले. म्हटलं, मावशी, ही घ्या अन् ती मले द्या, ती गेलेल्या माणसाच्या लुगड्याची हाय, तुमाले माहीत नसन.

"माहीत नसन?" म्हातारी म्हणाली. "पाह्यल्याबरोबर ओळखलं म्या. म्हणून तं घेतली."

मी म्हटलं, मावशी, माही माय होती ती.

"तुह्यापाशी किती वर्षं राह्यली? लगन होईस्तोवर. माह्याजोळ एकवीस वर्षं बसली, रोजच्या रोज. तुले आठवण येते, अन् मले काई येत नाई का?"

माय बाजारात कोणाशेजारी बसायची, हे मी तिच्या मागे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. म्हातारीच्या बाजूला एका माणसाची जागा होती, तिथे तिनं कोथिंबिरीच्या जुड्या पसरून ठेवल्या होत्या, म्हणजे दुसरं कोणी बसायला नको. तिनं त्या जुड्या सरकवल्या. पिशवीतला पानाचा डबा आणि पाण्याची बाटली बाहेर काढली, पिशवी झटकली आणि माझ्या हातात दिली.

"बस इथं. बाजार उठेस्तोवर ठेव मांडीवर. मंग वापस देजो."

मी बसले. बाजार उठला तेव्हा पिशवीची घडी घातली आणि तिला परत दिली.