दुसऱ्या काठाची कॅसेट

सुमनअक्कांना कोणी शिवी दिली की त्या आधी ती पुरती ऐकून घ्यायच्या. हात कमरेवर, मान जराशी तिरपी, नजर समोरच्याच्या तोंडावर. एकदा धुळ्याच्या स्टँडवर गाडीतल्या खिडकीच्या जागेसाठी एक माणूस त्यांना शिव्या देऊ लागला. मी मध्ये पडायला गेलो, तर त्यांनी मलाच मागे सारलं. तो बोलून बोलून दमला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "झायं का तुन्हं? आते मन्हं आयक." पुढे त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्याची सोय नाही. तो माणूस मुकाट्याने गाडीतून उतरला आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसला.

दीपनगरच्या आमच्या शाळेत अक्का इंग्रजी शिकवायच्या, मी भूगोल. वर्गात त्यांची मराठी अगदी छापील, पण संताप आला की अहिराणी. आणि संताप रोज यायचा. ओल्या खडूवर, उशिरा झालेल्या घंटेवर, माझ्या मिळमिळीत स्वभावावर. "भाऊ, तू काय ताकभात खाईसन जलमना का?" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकायचो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायच्या, आणि दर आखाजीला शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावी बार खेळायला जायच्या.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी माहेरी आलेल्या लेकी आणि गावच्या बाया नाल्याच्या एका काठावर उभ्या राहत, पलीकडच्या गावच्या बाया दुसऱ्या काठावर. मग हातवारे करकरून शिव्या. हाच बार. अक्कांच्या गावची रीत अशी की एका काठाचं पुरतं झाल्यावरच दुसऱ्या काठाने तोंड उघडायचं. वर्षभर सासरी गिळलेलं सगळं तिथे ओकायचं आणि हलकं होऊन घरी यायचं. अक्का आपल्या काठाच्या पुढारी होत्या. शाळेत हे ठाऊक असलेला मी एकटाच.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ विजय जळगावला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीत तो दीपनगरला आमच्या घरी आला तो एक कॅसेट घेऊन. अमेरिकेतली काळी पोरं ढोलाच्या ठेक्यावर भराभर बोलत होती. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर श्वास नाही. "दादा, हे गुंडांचं गाणं. नुसत्या शिव्या आहेत," विजय कौतुकाने म्हणाला. मला शब्द कळेनात, पण काळजी वाटली. पोरगं कुठल्या नादाला लागलं हे कळावं म्हणून मी कॅसेट मागून घेतली आणि अक्कांकडे नेली.

एका रविवारी सकाळी अक्का मेथी निवडत ऐकायला बसल्या. पहिल्याच गाण्यात त्यांचा हात थांबला. त्यांनी टेप मागे घेऊन पुन्हा लावली. "पोलीस याला रस्त्यात अडवतात, झडती घेतात. का, तर कातडी काळी," त्या म्हणाल्या. मग टेपकडे बघत, पटल्याची मान हलवत म्हणाल्या, "हाऊ पोऱ्या खरं बोली ऱ्हायना." काही शब्दांसाठी त्यांनी जाडजूड कोश काढला. ते त्यात नव्हतेच. "देवळात बसून कोश केला का यांनी?" म्हणून त्यांनी तो आपटला.

पुढच्या गाण्यांत बायका आल्या आणि अक्कांचा चेहरा बदलला. तोच पोरगा आता आपल्या गल्लीतल्या बायांना एकेक नाव ठेवत होता. "हाई बाईनी यानं काय वाकडं करं?" त्या पुटपुटल्या. पण टेप बंद केली नाही. हात कमरेवर ठेवून बाजू संपेपर्यंत ऐकलं. मग कॅसेट काढली, उलटवली, दुसरी बाजू लावली आणि पुन्हा हात कमरेवर.

दुसऱ्या बाजूलाही तीच पोरं होती. अक्का शेवटपर्यंत वाट बघत बसल्या.

"तिनी बारी कवय येस?" त्यांनी मला विचारलं.

"कोणाची, अक्का?"

"त्या बायांची! याचं झालं ना बोलून? मग त्यांचं कुठे आहे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅसेटची दुसरी बाजू त्यांना नाल्याचा दुसरा काठ वाटली होती. मी समजावलं की तिकडे अशी रीत नसते, ज्याची कॅसेट तोच बोलतो. त्या भडकल्या. "मग ही कॅसेट अर्धीच आहे. तुझ्या भावाला सांग, उरलेली आण." पुढे महिनोन् महिने त्यांनी माझं डोकं उठवलं. शिक्षकांच्या खोलीत, जिन्यात, झेंडावंदनाच्या रांगेत. "मिळाली का दुसरी?" नाही म्हणून सांगता सांगता मी वैतागून गेलो, पण त्यांचा हट्ट सुटेना.

पुढच्या आखाजीआधी अक्कांच्या गावच्या तरुण मंडळाने बार बंद करायचं ठरवलं. बैठकीला अक्कांना मुद्दाम बोलावलं, शिकलेल्या बाईचा पाठिंबा मिळेल म्हणून. त्यांच्यासोबत मीही गेलो होतो. मंडळाचा अध्यक्ष नम्रपणे म्हणाला, "अक्का, तुम्ही शिकेल माणूस. बाया शिव्या-गाया देतस, हाई चांगलं दिखस का?"

अक्का उठल्या. "तुम्ही बठ्ठं वरीस पारवर बशीसन आमन्या मायबहिनी काढतस. आमना एकच दिन शे. तो बी लेतस?"

तरी बार बंद झाला तो झालाच. आखाजीला अक्का एकट्या काठावर जाऊन आल्या. पलीकडे कोणी आलं नव्हतं. एवढा राग आणि त्याला समोर माणूस नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

काही वर्षांनी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझ्या ओळखीतलं सर्वांत तिखट तोंड बंद पडलं. मला देवाचाच राग आला. त्याच सुमारास पुण्याला नोकरीला लागलेला विजय एक कॅसेट घेऊन आला. "दादा, तुमच्या मॅडमना सांग, बायांची पण असते."

मी तडक अक्कांकडे गेलो. कॅसेटवरची पोरगी पहिल्या श्वासापासून तुटून पडली. मला निम्मंही कळलं नाही, पण अक्कांना कळत होतं. डोळे लकाकत होते. टेप थांबली तशी त्यांनी डावा हात उचलून माझ्या पिशवीकडे बोट केलं. आता त्याची बारी. पोरांची कॅसेट लाव.

ती मी आणलीच नव्हती. "एवढ्यासाठीच तर थांबला होतात ना, अक्का? मिळालं की उत्तर," मी म्हणालो.

त्यांनी पलंगावर हात आपटला. वाकडं झालेलं तोंड हललं आणि त्यातून एक शब्द बाहेर पडला, आखाजीचा, अस्सल, मला उद्देशून. आजारपणातला पहिलाच शब्द. भावजय जिन्यावरून धावत आली. "काय म्हनन्यात? बोलन्यात का?"

तिला काय सांगणार? बारी आता माझी होती. मी उभा राहिलो. घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा, मोठ्या बहिणीसारख्या त्या बाईला, भावजयीसमोर, चांगली लांबलचक शिवी दिली. भावजय तोंडावर पदर धरून बघत राहिली.

अक्कांनी माझं पुरतं ऐकून घेतलं. मग त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत कमरेकडे गेला.