मदन मुंबईकरांचं तात्पर्य

रामहरी गुरुजींच्या नजरेत सिंधू पहिल्यांदा भरली ती शाळेच्या माठामुळे. चौथीतली पोर. कुणी पाणी पिऊन झाकण विसरलं, की पाढा अर्धा टाकून उठायची, झाकण ठेवायची आणि सोडला तिथून पाढा पुढं म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळापर्यंत सिंधुबाईचा नवरा गेलेला होता, पदरात दोन मुली होत्या. ती सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या घरी पाणी भरायची आणि त्यांच्याच शब्दावर खडीच्या कामावर मजुरांना पाणी द्यायची. त्याच साली केजच्या बसस्टँडवर कुणा मदन मुंबईकराचं पिवळं पुस्तक आलं. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, पुस्तकाच्या मात्र नऊ प्रती आल्या.

त्यातल्या एका गोष्टीत रंगात आलेला चेअरमन अंधारात कवळी चाचपत बसतो आणि तोवर नायिका झोपी जाते. सुंदररावांना कवळी आहे हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी गुरुजींना बोलावलं.

"ह्यो मुंबईकर गावातलाच हाय. समद्यांचे निबंध तुमी तपासलेत. हुडका त्याला. मस्टरवर नाव ठिवत न्हाई त्याचं."

गुरुजींनी पुस्तकाला भूगोलाचं कव्हर घातलं आणि सवयीनं लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसले. पहिल्याच गोष्टीत उलगडा झाला. नायक कितीही उतावीळ होवो, नायिका आधी उठून हंड्यावर झाकण ठेवायची. अकराच्या अकरा गोष्टींत.

"बाहेरचा माणूस दिसतो," त्यांनी सुंदररावांना सांगितलं.

"बाहेरचा? असल्या गोष्टीखाली तात्पर्य कोण लिवतंय हो? 'म्हणून दुसऱ्याच्या घरी दार वाजवून जावे.' तालुक्यात असं शिकवणारा एकच माणूस हाय!"

गुरुजींनी तोंड उघडलं. सिंधूच्या दोन मुली डोळ्यांपुढं आल्या, तसं मिटलं.

"कावून लिवलं, गुरुजी? आन् माजी कवळी तुमाला दिसली कशी?"

"बोलताना हलते," गुरुजी खालमानेनं म्हणाले.

महिन्याच्या आत त्यांची चकलांब्याला बदली झाली. निरोप घ्यायला ते खडीवर गेले. एरवी बसूनच रामराम घालणारे गडी त्या दिवशी आदरानं उठून उभे राहिले. सिंधुबाईनं तांब्या पुढं केला.

"ते तात्पर्य तेवढं लिहू नकोस," गुरुजी हळूच म्हणाले.

"तुमीच म्हणलं होतं, तात्पर्याबिगर गोष्टीला मार्क न्हाईत." मग मोठ्यानं, "झाकण ठिवा, गुरुजी."

सिंधुबाई आता केजला धाकट्या लेकीकडे असतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा दिवाळीनंतर काढायचाय.