लांडग्याची हाक

"काढ की तो आवाज. पाव्हण्यांला ऐकव."

मालक गादीवर लोडाला टेकून बसले होते. शेजारी मुंबईचे पाहुणे. मी समोर उभा. वहाणा दाराबाहेर.

"बीकॉम हाय हा आमचा. हैदराबादला शिकून आलाय. पण जात धनगराची. मेंढरांमागं लांडगा लागला की वरडतू तसं करून दाखव रं."

निजाम जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. राज्य आपलं झालं, असं जो तो म्हणायचा. गादी मात्र मालकांचीच होती. आमच्या भागातले मोठे जमीनदार ते. परभणी स्टेशनाजवळ त्यांची पेढी. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी रेल्वेनं मुंबईच्या गोदीत पोचवायच्या, तिथून त्या जहाजानं परदेशी जायच्या. मी तिथं कारकून.

कॉलेजात परदेशी व्यापार शिकलो होतो. जहाजाचं भाडं, विमा, जकात. इथं आल्यावर कळलं की घोडं मनमाडला अडतं. आमची रेल्वे छोट्या लाइनीची. मनमाडला सगळ्या गाठी उतरवून मोठ्या लाइनीच्या डब्यांत भरायच्या. तिथं माल पडून राहायचा, भिजायचा, तोवर जहाज निघून जायचं. मी हात धुऊन त्या मनमाडच्या मागे लागलो. तिथल्या मुकादमाशी जमवून घेतलं. जहाज कधी सुटणार ते आधी विचारायचं, मगच इथून गाठी हलवायच्या. माल वेळेवर पोचायला लागला. हे पाहुणे म्हणजे आमचा माल परदेशी धाडणारे मुंबईचे व्यापारी. ते खूश. गोदीवर पेढीचा कायमचा माणूस हवा, तो हाच द्या, असं त्यांनी मालकांना कळवलं होतं. आज ते ठरणार होतं.

मला ती जागा हवी होती. जिवापाड हवी होती. ज्या जहाजांचे करार मी पाठ केले, त्यातलं एकही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आठवडाभर जिवाला चैन नव्हती.

म्हणून मी आवाज काढला.

ही हाक साधी नाही. लांडगा दिसला की आमच्यात ती देतात. ऐकली की हातातलं टाकून धावायचं, विचारत बसायचं नाही. ती मी चार भिंतींत, गादीपुढं उभं राहून दिली. पाहुणे हसले. मालक म्हणाले, "जोरात." मी जोरात दिली.

आणि माय धावत आत आली.

ती आमच्या गावाहून, पिंगळीहून चालत आली होती. लेक मुंबईला जाणार म्हणून घोंगडी घेऊन. आत यायला लाजत होती, म्हणून पेढीच्या फाटकापाशी गाठींच्या आडोशाला बसून राहिली होती. मला पत्ताच नव्हता. आता पदर सुटलेला, पाय अनवाणी, काठी उगारलेली. थेट गादीपर्यंत आली.

"कुठंय? लेकरा, कुठंय लांडगा?"

पाहुण्यांच्या हातातला चहा सांडला. मालक पोट धरून हसायला लागले.

माय माझ्या अंगावरून हात फिरवत होती. कुठं लागलंय का, चावलंय का. मग तिनं त्या सगळ्यांची तोंडं बघितली. मग माझं. काठी खाली घेतली. तिला कळलं.

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मालकांची हौस फिटली नव्हती. "बाई, तू जा परत फाटकावर. अन् तू पुन्हा काढ रं. बगू, म्हातारी पुन्हा धावती का."

तोवर मला लाज वाटायची ती आमचीच. वसतिगृहात असताना अंगाला येणारा घोंगडीचा वास मी साबणानं घासून घासून काढायचो. त्या क्षणी ती लाज गेली. समोर हसणाऱ्या माणसांची किळस आली.

"न्हाई काढणार." कॉलेजात कमावलेली भाषाही गळून पडली होती.

"काय म्हनलास?"

"न्हाई. ही हाक जीव वाचवायला हाय. तुमच्या करमणुकीला न्हाई."

"अहो, गंमत चाललीय," पाहुणे म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

मालक हसायचे थांबले. "मुंबईला जायाचंय ना तुला?"

"जायाचंय."

"मग काढ."

"मालक, मी मुंबईला जाणार. तुमचा माणूस म्हणून न्हाई."

पाहुणे सांडलेला चहा पुसायला लागले. त्यांना माझं काम हवं होतं, माझी बाजू घ्यायची नव्हती. मी दाराशी जाऊन वहाणा घातल्या, तिथंच, गादीकडं तोंड करून, आणि मायला घेऊन बाहेर पडलो.

फाटकापाशी ती धुळीतली घोंगडी झटकायला लागली.

"नौकरी गेली का रं?"

"गेली."

"माज्यापायी?"

"न्हाई. त्यांच्यापायी."

तिनं घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. भर उन्हात. मी ती तशीच राहू दिली आणि स्टेशनावरच्या तिकिटाच्या खिडकीकडं चालू लागलो.

ठरवलं ते तिथंच. गोदीवर जायचं. पहिल्यांदा पाठीवर गाठी वाहाव्या लागल्या तर वाहायच्या. माल कसा हलवायचा ते मला येतं, ते कुठल्या गादीनं दिलेलं नाही. जात विचारतील, धनगर म्हणून सांगायचं. आवाज काढ म्हणतील, काढायचा नाही. ती हाक मी आता एकाच वेळी देणार. आमच्यातलं कुणी असं गादीपुढं उभं केलेलं दिसलं की देणार. आणि तेव्हा अशी देणार, की ज्यानं त्यानं हातातलं टाकून काठी घेऊन यावं.