चरातली लाल लिली

आमच्या कॅनडातल्या सॅस्कॅचवानात लाल लिली तोडायची नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक. झेंड्यावरचं, प्रांताचं फूल ते. तोडलं तर गुन्हा! पण ओल्हा डेरकाचसारखी त्याची राखण सरकारनंही कधी केली नसेल. गावच्या हॉलमध्ये चाळीस वर्षं बटाट्याचं सारण भरून पिरोगी लाटणारी ही बाई. कुणाच्या गाडीत लिली दिसली की हिनं पोलिसांना फोन फिरवलाच.

व्हर्नाच्या नवऱ्याच्या मयताला तर कहर केला. शवपेटीत त्याच्या छातीवर दोन लिली होत्या. भर प्रार्थनेत ओल्हा उठली.

"व्हर्ना, काढ ती फुलं. मेलेल्याला काय कायदा नसतो?"

व्हर्नानं फुलं उचलली. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. अजून लाज वाटते.

यंदा जुलैत ओल्हाचा नवरा, मेट्रो त्याचं नाव, इस्पितळातून घरी आला, मरायलाच. डॉक्टरांनी आठवडा दिला होता.

"ओल्हा, रस्त्याकडेच्या चरातली एक लिली आण गं. उशाशी ठेव. बाकी काही नको मला."

"वेड लागलंय तुला!" म्हणाली खरी, पण डोळे पुसत निघाली. पन्नास वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं.

चर नुसता लालेलाल. ती गुडघे टेकून बसली, देठाला हात घातला, आणि मागे गाडी थांबली. गाडीत व्हर्ना.

"तोड गं. मेट्रोसाठी ना? मी नाही कुणाला सांगणार."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर ओल्हानं फूल तोडलंही असतं. पण व्हर्नानं आपली कीव करावी? तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"मी कशाला तोडू? तण बघत होते!"

सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. बया रिकाम्या हातांनी घरी गेली.

"यंदा फुललीच नाही रे. पाऊस कुठे झाला?"

मेट्रोनं तिच्याकडे पाहिलं. "काल ॲम्ब्युलन्समधून पाहिली मी. सगळा चर भरलाय." आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

ओल्हा धावत गेली. भर दुपारी, गावादेखत, कवळाभर लिली उपटून आणल्या आणि त्याच्या पांघरुणावर टाकल्या. "घे रे! किती हव्यात तेवढ्या घे!"

मेट्रोनं मान वळवली ती त्याच्या देखभालीला आलेल्या नर्सकडे. "बाई, एवढा केर उचलता का?"

त्यानंतर तो तीन दिवस जगला. नर्सशी बोलला, आम्ही भेटायला गेलो तर पिकापाण्याची चौकशी केली. ओल्हानं चमच्यानं पाजलेलं पाणी प्यायला, पण तिच्याशी एक शब्द बोलला नाही.