मिठाच्या बर्फातली पिशवी

त्रिंबक बावीस वर्षं सोलापूरच्या एका रक्तपेढीत शिपाई. शिक्षण सातवी, पण रक्तातलं त्याला कळायचं. एकदा डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दाखवल्या होत्या.

"प्रत्येकीभोवती चरबीचा दुपदरी पापुद्रा असतो, त्रिंबक. त्यात प्रथिनांची दारं. काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, ते तोच ठरवतो. तो फाटला की पेशी संपली."

तेव्हापासून तो पिशवी तान्ह्या लेकरागत उचलायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी अकलूजचा मायाप्पा कुल्फीवाला आला. त्याची बाळंतीण लेक आरोही रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. तिच्या गटाची, ओ निगेटिव्हची, एकच पिशवी उरलेली. त्रिंबकनं ती थंड डब्यात नीट बसवून दिली.

"पाव्हणं, वाटंत उघडायचं न्हाय."

"न्हाय की, मामा."

दोन तासांनी जीपमधून त्याचा फोन आला. आवाजात खुशी. "काळजी करू नगा, मामा. ऊन लई हाय म्हणून मोहोळात साडूच्या गाडीवरचा बर्फ भरला, वर खडेमीठ टाकलं. पिशवी कुल्फीवानी दगड झालीया."

मिठानं बर्फ आणखी गार होतो. पेशीतलं पाणी गोठून त्याच्या सुया होतात, पापुद्रा फाटतो, आतला तांबडा रंग बाहेर सांडतो. तसलं रक्त अंगात गेलं तर मूत्रपिंडं बंद पडतात.

"ती लावू देऊ नगा. मेलंय ते रक्त."

"मस्करी करता व्हय? आता पोटाशी धरलीया, पाघळतीया की."

आणि रेंज गेली.

त्रिंबकनं अकलूजच्या दवाखान्याला फोन लावला. सारखा गुंतलेला. सहाव्यांदा अंकिता नर्सनं उचलला.

"काका, पिशवी पोचली. लावतेच आहे. किती छान लाल दिसतंय, सरबतासारखं आरपार."

त्रिंबक ओरडला. "ताई, धड रक्तातनं पलीकडचं दिसत न्हाय. लावू नका. आधी डॉक्टरांना बोलवा."

पलीकडून मायाप्पाचा आवाज आला, "कशाला थांबलाय? लावा की."

नर्स दबक्या आवाजात म्हणाली, "काका, दुसरी कधी पाठवताय? हिची नाडी हाताला लागेना."

"बघतो," म्हणत त्रिंबकनं त्या गटाच्या रक्तदात्यांची यादी ओढली. चारच नावं होती. पहिला नंबर बंद लागला.